सव्वातीनच्या आतलं पुण्य

मंजिरीचं पत्र आलं त्याला येत्या श्रावणात तीन वर्षं होतील. मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं होतं असंही नाही. वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून मी ते ठेवत असे आणि पुस्तक संपलं की पुढच्या पुस्तकात हलवत असे. तीन वर्षांत त्याने चाळीसेक पुस्तकं पार केली. मी मधली पानं गाळतो. ते मात्र कुठल्याही पानावर तक्रार न करता बसून राही.

मजकूर मला पाठ आहे.

"मोहनकाका, नमस्कार. बदलीचा हुकूम आला, मंगळवारी निघतो, भेट होणार नाही. 'येणारे-जाणारे'चा पासवर्ड सोबतच्या चिठ्ठीवर आहे. एकच विचारायचं होतं. तुमच्या पडवीत काही चुकलं तर एका ठिकाणी ती मोठ्याने ओरडते, दुसऱ्या ठिकाणी हातात शून्य ठेवते आणि तिसऱ्या ठिकाणी काहीच बोलत नाही. मी कशावर विसंबून राहू? एक काहीतरी ठरवा. ओरडलात तरी चालेल. तुमची, मंजिरी."

शेवटचं वाक्य मला लागलं. मी आयुष्यात कुणावर ओरडलेलो नाही.

पडवी म्हणजे काय ते सांगायला हवं, आणि मला ते नीट सांगता येईल की नाही याची खात्री नाही. मी लखनौतल्या एका कंपनीच्या संगणक विभागात एकतीस वर्षं होतो. माहितीचं कोठार एक आणि त्यात ये-जा करणारे प्रोग्रॅम पन्नास. प्रत्येक जण आपापल्या खिडकीतून उडी मारून आत शिरायचा. म्हणून मी सगळ्यांसाठी एक छोटी लायब्ररी लिहिली. घरात जाण्याआधी पडवी लागते तशी. चपला इथे काढा, पाय धुवा, मग आत या. नाव मीच ठेवलं. पुढे ते कुणी बदललं नाही, कारण बदलायला मला विचारावं लागलं असतं आणि मी संकोचलो असतो.

पडवीचं मुख्य काम गाठोडं बांधण्याचं. या धंद्यात त्याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. समजा तीन कामं एकत्रच व्हायला हवीत. दोन झाली आणि तिसरं अडलं, तर पहिली दोनही मागे घ्यायची. एक तर सगळं गाठोडं आत, नाही तर सगळं बाहेर. अर्धवट काही ठेवायचं नाही. हे पडवी चोख करत असे. प्रश्न एवढाच होता की अडलं तर ते सांगायचं कसं.

पहिला भाग लिहिला तेव्हा मी तिशीत होतो आणि साहेब खडूस होता. तो भाग चूक झाली की असा ओरडतो की प्रोग्रॅम जागच्या जागी थांबतो. दुसरा भाग लिहिताना नुकती बढती मिळाली होती. तो नुसतं शून्य परत देतो, ज्याला बघायचं त्याने बघावं. तिसरा भाग, म्हणजे बांधलेलं गाठोडं शेवटी आत नेऊन ठेवण्याचा, मी निवृत्तीच्या आदल्या वर्षी नव्याने लिहिला. तोवर मी लखनौत पुरता मुरलो होतो. इथे कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. 'देखते हैं' म्हणतात आणि चहा मागवतात. माझं गाठोडंही आत जाईना झालं की गुपचूप सोडलं जाई, प्रत्येक वस्तू जिथल्या तिथे ठेवली जाई, आणि पडवी गप्प बसे. मला ते सभ्यपणाचं वाटलं होतं.

आता 'येणारे-जाणारे'. लखनौतल्या मराठी माणसाला कोकम, भाजणी, मेतकूट, चष्म्याची जुन्या दुकानातली काडी, असं काही ना काही तिकडून हवंच असतं. जो जाईल त्याने इतरांचं आणायचं ही जुनी रीत. पूर्वी हे फोनवर चाले आणि भांडणं होत. छावणीतल्या एका मेजरची बायको मंजिरी, स्वतः संगणक इंजिनियर, तिने त्यासाठी इथल्या मराठी मंडळाला इंटरनेटवर एक पान करून दिलं. ज्याला हवं त्याने वस्तू लिहायची. जो जाणार त्याने वस्तूसमोरचं 'आणतो' दाबायचं. दाबलं की तीन गोष्टी व्हायच्या: वस्तू 'हवंय'च्या यादीतून निघायची, जाणाऱ्याच्या 'माझं ओझं' या यादीत पडायची, आणि तिकडे वस्तू देणाऱ्याचं नाव-पत्ता त्याला जोडला जायचा. तीन कामं, एक गाठोडं. मग दोघांच्या फोनवर संदेश: ठरलं.

मंजिरीने ते माझ्या पडवीवर उभारलं. माझा मान राखायला, असं मला तेव्हाही वाटलं होतं. ती गेल्यावर ते पान चालवणारा मंडळाचा संगणक आमच्या अलीगंजच्या घरी, माझ्या वाचायच्या खोलीत आला. मी त्याच्यावर ओढणी घालून ठेवतो, धूळ बसू नये म्हणून.

गेल्या एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी मी कूलरमध्ये पाणी भरत होतो आणि दारात रिक्षा थांबली. कांचनताई उतरल्या. तेलीबागेहून अलीगंज म्हणजे सगळं शहर आडवं ओलांडायचं. त्यांचं वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे नवे बसवलेले. तेलीबागेत त्या मुलींना गाणं शिकवतात. मंजिरीही त्यांच्याकडे शिकायची.

बसल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "मोहनराव, तुम्ही संगणकातले. खरं सांगा, माझ्यासाठी वेगळी रांग ठेवली आहे का?"

"वेगळी रांग?"

"म्हाताऱ्यांची. जिथे 'ठरलं' म्हणतात आणि पुढे काही होत नाही."

त्यांनी फोन पुढे केला. पाच संदेश होते, पाच वेगवेगळ्या महिन्यांतले. 'तंबोरा, मिरज. ठरलं.' तीनदा आणणारा बँकेतला प्रसाद, एकदा मंडळातलाच सुजय, एकदा मंडळाचे सचिव चंद्रहास.

तंबोऱ्याची हकीकत मला थोडी माहीत होती. भोपळ्याला तडा गेला म्हणून दोन हिवाळ्यांपूर्वी त्या स्वतः तो मिरजेला माणिककाका म्हणून एका जुन्या कारागिराकडे ठेवून आल्या. मग गुडघे झाले. डॉक्टरांनी रेल्वेप्रवास बंद केला.

"माणिककाका दुकान बंद करून मुलीकडे राहायला चाललेत," कांचनताई म्हणाल्या. "तीस तारखेला किल्ली देणार. मला फोनवर म्हणाले, बाई, त्यानंतर ही पोरगी कुणाच्या पदरात घालू ते सांगा."

"पण प्रसाद तर सांगलीचाच. दर महिन्या-दीड महिन्याला जातो."

"म्हणून तर. परत आला की विचारते, तो म्हणतो, 'ताई, मी दाबलं होतं, पण माझ्या यादीत आलंच नाही.' फोन उघडून दाखवतो. खरंच नसतं." त्यांनी फोन पर्समध्ये ठेवला. "मिरजेत माझा भाचा होता, मोहनराव. तीनदा म्हणाला, मावशी, मी आणून देतो. मी म्हटलं, नको बाबा, ठरलंय. आता तो दुबईत आहे. कुणी सरळ नाही म्हटलं असतं, तर तंबोरा कधीच घरी असता."

त्या फोनवरच्या तंबोऱ्यावर मुलींना शिकवतात. मध्येच कुणाचा फोन आला की सा बंद पडतो आणि कुणीतरी बाई वीज बिलाबद्दल बोलायला लागते.

"मी बघतो," मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून मधुमतीचा आवाज आला. "कांचनताई, लेखी घ्या. यांचं 'बघतो' मी अठ्ठेचाळीस वर्षं बघतेय."

त्या गेल्यावर मी संगणकावरची ओढणी काढली. कोणी कधी काय दाबलं याची नोंद तिथे राहते. प्रसाद, तीन वाजून दोन मिनिटं. सुजय, तीन वाजून सात. प्रसाद, तीन-चार. चंद्रहास, तीन-अकरा. प्रसाद, तीन-पाच. सगळं दुपारी.

दुपारी तीन ते सव्वातीन हा संगणक स्वतःची नक्कल काढून ठेवतो आणि तेवढा वेळ याद्यांची वही कुलूपबंद असते. ती वेळ मीच नेमली होती. दुपारी तीनला सगळे झोपतात असा माझा समज होता. त्या पंधरा मिनिटांत गाठोडं बांधलं जाई, दारापर्यंत जाई, दार बंद दिसे, आणि पडवी ते मुकाट्याने सोडून टाकी. मंजिरीच्या पानाला कुणी ओरडल्याचं ऐकू येत नसे. साहजिकच ते कळवून मोकळं होई: ठरलं.

मी त्या पंधरा मिनिटांतल्या बाकीच्या नोंदी पाहिल्या. पाच किलो आंबेमोहोर. बिडाचा तवा. फणस. शिसवी पाट, चार नग. लोखंडी खलबत्ता. कोकम आणि मेतकूट मात्र दिवसभरात कधीही दाबलेलं होतं. सकाळी, संध्याकाळी, जेवता जेवता. जड वस्तू तेवढ्या तीन ते सव्वातीन. यंत्राला वजन कळायचं काही कारण नव्हतं.

दुपारच्या चहाला मी मधुमतीला हे सांगितलं. तिने बिस्कीट बुडवलं, खाल्लं, आणि म्हणाली, "अहो, ते सगळ्यांना माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तीन ते सव्वातीन. त्या वेळात 'आणतो' दाबलं की 'ठरलं' येतं, आणि गळ्यात काही पडत नाही. बायका त्याला सव्वातीनच्या आतलं पुण्य म्हणतात."

"कुणी शोधून काढलं?"

"प्रसादने. एकदा बँकेत जेवणाच्या सुट्टीनंतर दाबलं आणि सुटला. मग घड्याळ लावून बघितलंन्. त्याला वाटतं ही सोय तुम्हीच ठेवली आहे."

"मी?"

"सज्जन माणसाची अडचण ओळखून. मंडळात तुमचं कौतुक आहे त्याबद्दल. मोहनकाका बोलत नाहीत, पण माणसाला समजून घेतात, असं म्हणतात."

मला मंडळात गेली दोन वर्षं पहिल्या रांगेत बसवत होते, त्याचा उलगडा झाला. मी समजत होतो माझ्या वाचनामुळे.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी एकदाच. मंडळातल्या उल्काचा खलबत्ता." तिने कप विसळायला घेतला. "दोनदा असेल."

नळ बंद करून ती म्हणाली, "मग वेळ बदला ना त्याची. रात्रीची करा. संपलं."

वेळ बदलणं दोन मिनिटांचं काम होतं, कुणाला कळलंही नसतं, आणि माझी चूक झाकली गेली असती. मी ते करायला बसलोही. पण वही काय फक्त तीन वाजताच बंद होते? वीज गेली, डिस्क भरली, तार सुटली, तरी पडवी तशीच गप्प बसणार आणि कुणाच्या तरी भाच्याला नको म्हणून सांगितलं जाणार. मी चालू पुस्तकातून मंजिरीचं पत्र काढलं. पान एकशे बारा. मी कशावर विसंबून राहू?

दुरुस्ती चाळीस ओळींची निघाली. नियम एकच: गाठोड्यात कुठेही, काहीही अडलं, तर आधी सगळं जिथल्या तिथे ठेवायचं आणि मग हाक मारायची. तिन्ही भागांनी एकाच नावाची हाक मारायची. शून्य नाही, मौन नाही. क्रमही महत्त्वाचा, आधी हाक मारली तर अर्धं गाठोडं तसंच लोंबकळत राहतं. चाळीस ओळींना मला पाच दिवस लागले. त्यातले चार दिवस हाकेचा मजकूर लिहिण्यात गेले. पहिला खर्डा असा होता: 'क्षमस्व, आपल्याला तसदी होत आहे, तथापि कदाचित आपली इच्छा नोंदली गेली नसण्याची शक्यता आहे.' मधुमतीने तो चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "म्हणजे झालं की नाही झालं?" मी खोडला. सहावा खर्डा ठेवला.

मग मी मंजिरीचं पान उघडलं, त्याला ही हाक ऐकू येते का ते बघायला. तिने ती आधीच ऐकायला लावली होती. हाक आली की मजकूर, दाबणाऱ्याच्या नावासह, जसाच्या तसा मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा, अशी ओळ होती. गटात एकशे चाळीस माणसं. ओळ कधी चाललीच नव्हती, कारण त्या बाजूने हाक कधी आली नव्हती. वर तिने स्वतःसाठी टीप लिहिली होती: 'मोहनकाकांनी ठरवलं की हे चालू होईल.'

ती ओळ आपल्या लक्षात आली नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. इथे खरं लिहितो. मी ती दोनदा वाचली, पुसायला बोट ठेवलं, आणि मग चहा प्यायला गेलो.

प्रसाद चोवीस तारखेला निघणार होता, एकोणतीसला परत. त्याच गाडीने मधुमतीही पुण्याला चालली होती, भाचीच्या डोहाळजेवणाला. बावीस तारखेला दुपारी दोन वाजता मी नवी पडवी बसवली आणि कुणाला काही बोललो नाही. नक्कल काढायची वेळ तशीच ठेवली. मग पुस्तक उघडून बसलो. एक ओळही वाचली नाही.

तीन वाजून चार मिनिटांनी शेजारच्या खोलीत मधुमतीचा फोन वाजला. मग माझा.

'प्रसाद यांनी "तंबोरा, मिरज" आणतो म्हटलं. ते ठरलेलं नाही. सर्व काही जिथल्या तिथे परत ठेवलं आहे. कृपया सव्वातीननंतर पुन्हा दाबा.'

प्रसादला वाटलं असावं यंत्र अडखळलं. त्याने पुन्हा दाबलं. गटावर तोच मजकूर पुन्हा. त्याने तिसऱ्यांदा दाबलं. मग 'चंद्रहास यांनी "आंबेमोहोर, पाच किलो" आणतो म्हटलं. ते ठरलेलं नाही.' मग एक सुजयचा तवा. आणि मग, 'मधुमती यांनी "लोखंडी खलबत्ता, पुणे" आणतो म्हटलं. ते ठरलेलं नाही.'

शेजारच्या खोलीतून एकच शब्द आला. "अहो."

मी पान उलटलं.

गटावर दोन मिनिटं शांतता होती. एकशे चाळीस माणसं वाचत असताना जशी असते तशी. मग कांचनताईंचा संदेश आला: 'प्रसाद, सव्वातीनला अजून सात मिनिटं आहेत. मी थांबले आहे.' त्याखाली उल्काने लिहिलं: 'मीपण, मधुमतीवहिनी.' तेलीबागेच्या गाण्याच्या मुलींनी हात जोडलेली चित्रं टाकली, ओळीने अकरा.

तीन वाजून सोळा मिनिटांनी: 'तंबोरा, मिरज. प्रसाद आणतील. ठरलं.' लगोलग खलबत्ताही ठरला.

प्रसादचा फोन आलाच. तो चाळिशीचा आहे, बोलताना निम्मा लखनौचा होतो.

"काका, यार, तुमचं मशीन बिघडलंय क्या?"

"नाही. दुरुस्त झालंय."

"अरे पण सबके सामने? इतकी वर्षं कितना शरीफ सॉफ्टवेअर होतं ते."

"हो," मी म्हणालो. "माझ्यावर गेलं होतं."

"काका, तंबोरा किती मोठा असतो, अंदाज आहे का तुम्हाला? माझी वरची बर्थ आहे."

"तुला नको असेल तर नाही म्हण. यादीत 'नाही' असंही बटण आहे. मंजिरीने ठेवलंय. आजपर्यंत कुणी दाबलेलं नाही."

त्याने बहुधा यादी उघडून ते बटण शोधलं. मग म्हणाला, "आता? एकशे चाळीस लोकांसमोर? हद्द करता, काका."

संध्याकाळी चंद्रहास घरी आले. सचिव माणूस, त्यामुळे आधी कूलरची चौकशी केली, मग माझ्या तब्येतीची.

"मोहनराव, जुनं होतं ते बरं होतं. मंडळात सलोखा होता. पूर्ववत करता येईल ना?"

येईल, हे खरं होतं. मी कूलरच्या जाळीकडे बघत राहिलो. एरवी मी 'बघतो' म्हटलं असतं.

"नाही," मी म्हणालो.

"विचार करून सांगा. घाई नाही."

"विचार केलाय. तीन वर्षं."

ते गेल्यावर मी भरलेल्या कूलरमध्ये पुन्हा पाणी ओतलं. रात्रभर मला वाटत राहिलं की एका वाद्यापायी मी सगळ्या मंडळाशी वैर घेतलं, आणि तरीही तंबोरा येणार नाहीच. यादीत पडलं म्हणजे हातात पडलं असं थोडंच आहे? पडवीची हद्द तिथे संपते. पुढे माणूस लागतो.

सहा दिवस मी धड काही वाचलं नाही. सत्तावीसला मी माणिककाकांना फोन लावला आणि कुणी उचलायच्या आत ठेवून दिला. अठ्ठावीसला मधुमतीने पुण्याहून कळवलं की खलबत्ता मिळाला, त्याचं वजन साडेचार किलो आहे आणि तो मीच घरापर्यंत उचलायचा आहे. तंबोऱ्याबद्दल अक्षर नाही.

एकोणतीसला मी चारबाग स्टेशनवर गाडीच्या दीड तास आधी पोचलो. गाडी आली. माणसं उतरली, ट्रंका उतरल्या, आंब्याच्या पेट्या उतरल्या. प्रसाद दिसेना. मी परत जाण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात डब्याच्या दारात एक गोधडी दिसली. गोधडीत गुंडाळलेलं, माणसाहून उंच काहीतरी, आणि त्याला दोन्ही हातांनी मिठी मारलेला प्रसाद. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"हळू, काका. भोपळा तिकडे आहे."

मागून मधुमती उतरली. तिने खलबत्त्याची पिशवी न बोलता माझ्या हातात दिली.

"खालची बर्थ होती माझी," ती म्हणाली. "तिच्यावर ही झोपली. मी वर. आणि हा रात्रभर खाली पेपर अंथरून."

"दरवाज्यातून लोक जातात येतात, काकू, कुणाची ट्रंक लागली म्हणजे?" प्रसाद म्हणाला. "काका, टीटी म्हणाला, इसका टिकट? मी म्हटलं, ये मेरे साथ है. झाशीला एक फौजी चढला, म्हणतो, बजाके दिखाओ. मी म्हटलं, भाई, मी बँकेत असतो."

"झाशीपासून मला हातसुद्धा लावू दिला नाही तिला," मधुमती म्हणाली.

तेलीबागेत कांचनताई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. अकराही मुली मागे. प्रसादने गोधडी स्वतः सोडली. ताईंनी तडा गेला होता तिथे अंगठा फिरवला, कान लावला, चार तारा छेडल्या. त्यांचा चेहरा काही सांगत नव्हता.

"पंचम उतरलाय," त्या म्हणाल्या. "तू उतरवलास?"

"नाही हो, ताई. मी श्वाससुद्धा दुसरीकडे तोंड करून घेतला."

"बस." त्या खुंटी पिळत राहिल्या. "पुढच्या वेळी आणायचं नसेल तर नाही म्हणशील?"

"हाँ, ताई."

"म्हण बघू."

"नाही."

"आणखी जरा मोकळा आवाज हवा. पण जमेल."

मुली हसल्या. प्रसादही हसला, आणि पंचम जुळला तेव्हा, मी त्याच्या शेजारीच होतो, त्याने गोधडीची घडी छातीशी धरून ठेवली होती. चहा झाल्यावर मी कांचनताईंना मंजिरीचा हल्लीचा पत्ता विचारला. जुन्या शिष्येचा पत्ता त्यांच्या वहीत तिसऱ्यांदा खोडून चौथ्यांदा लिहिलेला होता. जबलपूर.

"तिला लिहिणार?" त्यांनी विचारलं. "तिला मेली घाईच फार. तीन वर्षांपूर्वी मला विचारत होती, काकांनी उत्तर लिहिलं का म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी उत्तर लिहायला बसलो. पहिल्या खर्ड्यात उशिराची कारणं दोन पानं झाली. ती वाचून माझाच त्यांच्यावर विश्वास बसेना. शेवटी एवढंच राहिलं:

"प्रिय मंजिरी, ओरडतो. तिन्ही ठिकाणी, एकाच आवाजात. आधी सगळं परत ठेवतो, मग ओरडतो. शून्य आता कुठे देत नाही. तुझी ती ओळ चालू झाली आणि कांचनताईंचा तंबोरा आला. उशीर झाला, चूक माझी. तुझा, मोहनकाका."

मधुमतीने वाचलं. "कळतंय," ती म्हणाली. माझ्या लिखाणाबद्दल असं ती पहिल्यांदाच म्हणाली.

अलीगंजच्या पोस्टात दुपारी गर्दी नव्हती. खिडकीतल्या बाईंनी लिफाफा उलटसुलट केला.

"भेजने वाले का पता नहीं लिखा, अंकल."

"जरूरी है क्या?"

"नहीं पहुँचा तो लौटाएँगे किसको? वजह भी लिख के आती है."

मी लिफाफा परत घेतला. उलट टपाली काय येईल या धास्तीने आयुष्यभर मी मागची बाजू कोरी ठेवत आलो होतो. दोरीला बांधलेल्या पेनाने तिथे नाव लिहिलं, घर क्रमांक, गल्ली, अलीगंज, लखनौ, आणि पिनकोड दोनदा तपासला.

बाईंनी शिक्का मारला, लिफाफा मागच्या पोत्यात टाकला आणि पावती दिली. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी बाहेर आलो, पावती पुस्तकात ठेवली, पान एकशे बारा, आणि घराकडे निघालो.